माथ्याच्या दहा हात अलीकडे

एकदा एका तालुक्याच्या गावी एक वृद्ध मिस्त्री राहत असत, आणि त्यांच्याकडे विद्या शिकायला आलेली शिष्या चांगली छत्तीस वर्षांची होती. तिला शिकायची होती एक जुनी जीप उभी करण्याची विद्या.

मिस्त्रींना सारे हवालदार तात्या म्हणत. सैन्यात बावीस वर्षे त्यांनी डोंगरी रस्त्यांवर अवजड गाड्या चालवल्या होत्या. निवृत्तीनंतर गावाबाहेर पत्र्याच्या छपराखाली त्यांचे गॅरेज उभे राहिले, आणि तेथे ते हाताने पुष्कळ आणि तोंडाने मोजके काम करीत. शिष्येचे नाव इरावती. जवळच्या शहरात ती इमारतींचे आराखडे काढत असे. पान्हा कसा धरावा हेही तिला ठाऊक नव्हते.

ती येथवर आली ती आईमुळे. तिची आई चाळीस वर्षे शाळेत खेळाची शिक्षिका होती. दर हिवाळ्यात मुलींना घेऊन ती एका उंच पठारावर मुक्कामाला जाई. पायथ्यापासून चार तासांची चढण, वर तंबू, आणि चहूबाजूंनी डोंगरांच्या रांगा. सत्तरीच्या आसपास आईचे दोन्ही गुडघे बदलावे लागले. सपाटीवर ती काठी घेऊन चालू लागली, परंतु चढण कायमची सुटली. तिने तक्रार केली नाही. एके दिवशी मात्र तिने आपला तंबू घडी घालून शाळेला देऊन टाकला, आणि ते पाहून इरावती अस्वस्थ झाली.

पठारावर जायला मागच्या बाजूने अकरा किलोमीटरची कच्ची वाट आहे, असे तिला कळले. साधी मोटार तेथे जात नसे. चारही चाकांना जोर असलेली गाडी हवी होती. तिने शोध घेतला, तेव्हा एका बागायतदाराच्या गोठ्यामागे सात वर्षे उभी असलेली डिझेल जीप तिला सापडली. टपावर वेल चढला होता आणि आसनाखाली मुंगसाने घर केले होते. ती जीप ओढत तात्यांच्या दारात आणली गेली.

तात्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, खाली वाकून सांगाड्यावर हातोडीने दोन-चार ठिकाणी ठोकून पाहिले आणि म्हणाले, "हाड चांगलं आहे. पण गाडी मी करून देणार नाही. तू करायची, मी बघणार."

"तात्या, मला यातलं काहीच येत नाही."

"म्हणून तर."

मग आठ महिने दर शनिवारी आणि रविवारी इरावती गॅरेजात येत राहिली. तिने गंजलेला तळाचा पत्रा कापला आणि नवा बसवला. वेल्डिंगची पहिली शिवण इतकी वेडीवाकडी आली की तात्यांनी ती शांतपणे घासून काढायला लावली, दोनदा. ब्रेकच्या नळ्या बदलल्या, स्प्रिंगांचे पाटे उतरवून नव्याने बांधले, इंजिन खोलले, धुतले, जोडले. एक बोल्ट शिल्लक राहिला म्हणून सारे पुन्हा खोलले. ज्या दिवशी इंजिनाने प्रथम काळा धूर ओकला आणि मग धडधडत स्थिर सूर धरला, त्या दिवशी ती बाजूच्या टायरवर बसून बराच वेळ नुसती ऐकत राहिली.

त्यानंतर तिने गाडी मुक्कामासाठी सजवली. मागची आसने काढून लाकडी फळ्यांचा मंच केला. त्यावर दोघींना झोपता यावे, आणि खाली भांडी, शेगडी, दोरखंड, अवजारे यांसाठी सरकते खण. चाळीस लिटर पाण्याची टाकी बसवली, दिव्यांसाठी वेगळी बॅटरी लावली. टपावर गुंडाळलेली ताडपत्री बाजूला ओढली की सावलीचा मांडव होई. आईसाठी दाराशी घडीची पायरी केली आणि आत धरायला मजबूत दांडा बसवला. आराखडे काढणारा हात येथे कामी आला. एक इंचही जागा वाया गेली नाही. तात्यांनी सारे खण उघडून-मिटून पाहिले आणि मान हलवली. त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी कुणाला मिळाल्याचे गावाला आठवत नव्हते.

आता निघायचे, असे इरावतीला वाटले. तात्या म्हणाले, "आधी तीन दिवस माझ्याबरोबर दगडखाणीवर यायचं."

गावामागे बंद पडलेली दगडखाण होती. तिचा एक चढ उभा आणि सुट्या खडीचा होता. तात्या शेजारी बसले. इरावतीने छोटा गिअर टाकला, गाडीला चारही चाकांचा जोर दिला आणि चढ घेतला. गाडी अशी सरसर चढली की तिच्या डोळ्यांत पाणी आले. माथा दहा हातांवर आला. आणि तात्यांनी शांतपणे हात पुढे करून किल्ली फिरवली.

इंजिन बंद पडले. तिने घाबरून ब्रेक दाबला.

"तात्या, हे काय केलंत?"

"आता मागं जायचं. ब्रेक दाबून ठेव. उलटा गिअर टाक. क्लचवरचा पाय काढ. आता गिअरमध्येच किल्ली मार आणि हळूच ब्रेक सोड. चाक सरळ. इंजिन धरून ठेवील गाडीला."

ती कशीबशी खाली आली. गाडी वाकडी झाली होती. ती पुन्हा वर गेली. पुन्हा दहा हात राहिले असता तात्यांनी किल्ली फिरवली. त्या दिवशी असे अकरा वेळा झाले.

दुसऱ्या दिवशीही तेच. रस्त्याने जाणारे दोन मोटारसायकलवाले थांबून पाहू लागले. त्यांतला एक म्हणाला, "काय हवालदार, गाडी चढत नाही वाटतं?" दुसरा हसला. तात्यांनी त्यांच्याकडे पाहिलेही नाही. इरावतीचे कान मात्र लाल झाले.

"तात्या, गाडी चढते. तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत आहे. एकदा तरी वर जाऊ द्या. त्यांच्यासमोर तरी."

"त्यांच्यासमोर तर नाहीच," तात्या म्हणाले आणि पुन्हा किल्ली फिरवली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ती कुणी न सांगता, न घाबरता, आरशांत पाहत सरळ रेषेत खाली येऊ लागली. परंतु तीन दिवसांत एकदाही तिला माथा लाभला नाही. घरी गेल्यावर ती आईला म्हणाली, "म्हातारा चक्रम आहे. आठ महिन्यांत मला गाडी पुढे न्यायला शिकवलं, आणि तीन दिवसांत मागे यायला."  आई एवढेच म्हणाली, "आपल्याबरोबर त्यांनाही बोलव."

डिसेंबरच्या एका सकाळी तिघे निघाले. इरावतीच्या शेजारी आई, मागे मंचाच्या कडेला तात्या. अकरांपैकी दहा किलोमीटर गाडीने लीलया पार केले. ओढ्यातून ती पोटापर्यंत पाणी उडवत गेली, खडकांवर सावकाश पाय रोवत चढली. आई दांडा धरून बसली होती आणि प्रत्येक वळणावर शाळेतल्या कुणा मुलीचे नाव घेऊन काहीतरी सांगत होती.

मग शेवटचा चढ आला. लाल मुरमाचा, पावसाने चिरलेला, आणि उजव्या हाताला दरी. इरावतीने गाडी घातली. दोन तृतीयांश चढ पार झाला असेल, तोच मागचे चाक सैल मुरमात फिरू लागले, धुरळा उठला, इंजिनाने आचके दिले आणि ते बंद पडले.

 खाली उतार, बाजूला दरी, शेजारी आई.

इरावतीच्या नजरेला डावीकडे थोडीशी रुंद जागा दिसली. तेथे गाडी वळवावी, तोंड खाली करून सुखाने उतरावे, असे तिला क्षणभर फार वाटले. तिने आरशात पाहिले. तात्या डोळे मिटून बसले होते.

"इरा, मी उतरू का?" आईने हलकेच विचारले.

"नको आई. बसून राहा."

आणि तिचे हातपाय आपोआप चालू लागले. ब्रेक. उलटा गिअर. क्लचवरचा पाय दूर. किल्ली. ब्रेक हळूच सैल. गाडी एकदा हिसकली आणि मग इंजिनाच्या आधाराने, हत्तीसारखी सावकाश, सरळ रेषेत मागे उतरली. सपाटीवर आल्यावर आईने सोडलेला श्वास साऱ्यांना ऐकू आला.

इरावती खाली उतरली आणि चढ पायी चालून गेली. डाव्या बाजूला मुरमाखाली खडक आहे, हे चालताना तिला कळले. गाडीतून ते दिसले नव्हते. परत येऊन तिने चारही टायरांतली थोडी हवा सोडली, म्हणजे रबर पसरून जमीन धरील. ती पुन्हा निघाली. या वेळी गाडी आणखी वर गेली, आणि एका चिरेत अडकून पुन्हा थांबली. ती पुन्हा मागे आली. या खेपेस आईने दांडाही धरला नव्हता. ती इरावतीच्या बाजूच्या खिडकीतून दरी पाहत होती.

तिसऱ्या वेळी इरावतीने डावीकडचा खडक धरला, चीर दोन चाकांच्या मधे घेतली, आणि पायाचा दाब किंचितही कमी-जास्त केला नाही. माथा दहा हातांवर आला. तिची नजर क्षणभर किल्लीकडे गेली. कुणाचाही हात पुढे आला नाही. गाडीचे नाक आभाळाकडे उचलले गेले, काचेत काही काळ निळ्याखेरीज काहीच दिसेना, आणि मग ते नाक खाली आले. समोर पिवळ्या गवताचे अफाट पठार पसरले होते.

इरावतीने गाडी थांबवली आणि स्टिअरिंगच्या चाकावर डोके टेकून हसू लागली. आईचा हात तिच्या पाठीवर आला. मागून तात्या म्हणाले, "आता चढली, असं म्हण."

दुपारी मांडवाच्या सावलीत तात्यांनी शेगडीवर चहा केला. आईने कप हातात घेऊन विचारले, "हवालदार, माझी मुलगी तीन दिवस तुमच्यावर रागावली होती. मी खेळ शिकवला आहे, म्हणून विचारते. जिंकायला निघालेल्या मुलीला तुम्ही आधी माघार का शिकवलीत?"

तात्यांनी शेगडी विझवली.

"बाई, चढ कुणाला मारत नाही. अर्ध्यावर गाडी थांबली की माणसाला लाज वाटते. पाठमोरं खाली यायचं त्याला कमीपणाचं वाटतं. म्हणून तो तोंड फिरवायला जातो, गाडी आडवी घालतो, आणि आडवी गाडी उलटते. सैन्यात माझ्या मागं सहा गाड्या उभ्या होत्या, सगळे बघत होते. मी आडवी घातली. दोन कोलांट्या खाल्ल्या, सात महिने इस्पितळात काढले, आणि गाडीत मी एकटा होतो म्हणून आज सांगायला बसलोय. चढायला बळ लागतं, ते गाडीत आहे. सरळ मागं यायला मन लागतं, आणि ते गॅरेजात बसवता येत नाही. ज्याला मागं येता येतं, तो चढ दुसऱ्यांदा बघू शकतो. ही आज तीनदा गेली. मागं येता आलं नसतं तर एकदाच गेली असती."

इरावती ऐकत होती. खडकाची वाट आपल्याला केव्हा दिसली, हे तिला आठवले. पहिल्या खेपेला जोरात असताना ती दिसली नव्हती. खाली येऊन, उतरून, पायी चालल्यावर दिसली होती. दगडखाणीवर हसणाऱ्या त्या दोघांचा विचार तिच्या मनात आला आणि कानांत काहीच तापले नाही. तिने उठून तात्यांना वाकून नमस्कार केला. ते संकोचले आणि चहात साखर कमी पडली का, असे विचारू लागले.

अपयश आल्यावर आपण तोंड फिरवतो की सरळ पावलांनी मागे येऊन वाट पुन्हा पाहतो, एवढे ज्याने त्याने आपल्यापुरते तपासून पाहावे.

उन्हे कलली तेव्हा आई काठी टेकत पठाराच्या कडेपर्यंत गेली. जमीन सपाट होती. तिला कुणाचा हात लागला नाही. पश्चिमेकडे एकामागे एक सात रांगा निळ्या होत गेल्या होत्या, आणि ती बोटाने एकेक गड दाखवत त्याचे नाव घेत होती. एकही चुकले नाही. इरावतीने गाडीतली घडीची खुर्ची आणून तिच्यामागे मांडली.

"आई, बस ना जरा."

"बसायला घरी खुर्च्या आहेत," आई म्हणाली, आणि सूर्य मावळेपर्यंत उभी राहिली.