पत्र्याखालची अंडी

कोंबड्या आपली खुराडी आपणच बांधत, त्या काळातली ही गोष्ट. तुरेबा कोंबड्याने खुराड्यावर चकचकीत पत्रा घातला, कारण त्यावर उभं राहून आरवलं की आवाज चार शेतं पलीकडे जाई. अंडी उबवणारीला घर कसं हवं, हे विचारायचं त्याला सुचलंच नाही. त्याच्या बायकोची, तांबडीची, दोन वेळची अंडी उन्हाळ्यात उकडून वाया गेली. तिसऱ्यांदा बसण्याआधी तिने कुंभारीण माशीला बोलावलं. मातीची घरं बांधण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"पत्र्यावर चिखल-गवताचा जाड थर द्या, वर दोडक्याचा वेल सोडा. वाऱ्याला खाली एक भोक, वर एक भोक. खर्च काय तो तुमच्या नख्यांचा," माशी म्हणाली.

तुरेबा हसला. "तांबडे, तुला भिकेचे डोहाळे लागलेत. एवढीशी माशी मला घर शिकवणार?"

"शिकू नका, धनी. आज दुपारी फक्त माझ्या जागी बसा."

तो ऐटीत बसला. सावली वीतभर सरकायच्या आत चोच वासून, धापा टाकत बाहेर आला. तडक डबक्याकडे गेला आणि चिखल उकरू लागला.

तांबडी अंड्यांवर बसली. एकविसाव्या दिवशी तुरेबा वेलात उभा राहून आरवला, तर मातीने निम्मा आवाज गिळला. दुसऱ्यांदा आरवायला त्याने मान उंचावली आणि तशीच खाली घेतली. खाली अकरा पिल्लं चिवचिवत होती, आणि त्याला ती ऐकायची होती.