अधिकार नसलेला महापौर

एकदा एका महानगराला भालचंद्र नावाचा एक सज्जन महापौर लाभला. उद्घाटने करावीत, पाहुण्यांचे स्वागत करावे, सर्वसाधारण सभेत उच्चासनावर बसावे, यात त्याचे दिवस सुखाने जात होते. शहराचा कारभार आयुक्त चालवतात, महापौराचे पद केवळ मानाचे, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. ती समजूत त्याला सोयीचीही होती.

त्या शहरात नाल्याकाठच्या एका वस्तीत नळांना दुर्गंधी येणारे पाणी येऊ लागले. जुनी जलवाहिनी फुटली होती आणि सांडपाणी तिच्यात मिसळत होते. वस्तीतल्या बायका महापौरांच्या बंगल्यावर गेल्या. भालचंद्राने त्यांना बसवले, चहा दिला आणि हात जोडून म्हणाला, "ताई, मला अधिकारच नाहीत हो. सगळं आयुक्तांच्या हातात असतं. मी फार तर त्यांच्या कानावर घालतो."

बायका आयुक्तांच्या कार्यालयात गेल्या. तिथे त्यांना सांगण्यात आले, की सभेने मंजुरी दिल्याशिवाय जलवाहिनी बदलता येत नाही. आता ती सभा चालवतो कोण? महापौरच. पण हे त्या बायकांना कोणी सांगितले नाही. त्या पुन्हा तेच पाणी भरू लागल्या, आणि काही दिवसांतच त्यांच्यातल्या छबू खरात यांची लहानगी तेजल जुलाब-उलट्यांनी दगावली.

त्या वस्तीजवळच एक वृद्ध गुरुजी राहत. महापालिकेच्या शाळेत त्यांनी भालचंद्राला शिकवले होते. तेजलला स्मशानात पोहोचवून आल्यावर ते तडक महापौरांच्या बंगल्यावर गेले. भालचंद्राने त्यांनाही तेच ऐकवले. अधिकार नाहीत, फार वाईट वाटते, पण काय करणार? गुरुजींचा चेहरा रागाने लाल झाला. तरी त्यांनी एवढेच विचारले, "सभा कधी आहे?"

सभेच्या दिवशी ते प्रेक्षक सज्जात जाऊन बसले. खाली एका चौकाच्या नामकरणावर चर्चा रंगली होती. मध्येच एक नगरसेविका उठून दूषित पाण्याविषयी बोलू लागली. भालचंद्राने घंटा वाजवली.

"हा विषय आजच्या पत्रिकेवर नाही. आपण खाली बसावं."

ती बसली. त्याच क्षणी गुरुजी उठून उभे राहिले. त्यांनी घोषणा दिली नाही, शब्दही उच्चारला नाही. ते नुसतेच उभे राहिले.

"गुरुजी, बसा ना. प्रेक्षकांना असं उभं राहता येत नाही," भालचंद्र म्हणाला. गुरुजी बसले नाहीत. आयुष्यभर शिस्त शिकवलेला हा माणूस आज असा हट्टाला का पेटला आहे, हे त्याला कळेना. सभागृहात कुजबुज वाढली. अखेर त्याने मान खाली घालून आज्ञा दिली, "सज्जातील गृहस्थांना बाहेर न्यावं."

सुरक्षारक्षकांनी गुरुजींच्या दंडाला धरून त्यांना बाहेर नेले.

संध्याकाळी भालचंद्र ओशाळून गुरुजींच्या घरी गेला. "तुम्ही माझ्यावर ही वेळ का आणलीत, गुरुजी?"

"मला पाहायचं होतं," गुरुजी म्हणाले, "की तुला खरोखरच अधिकार नाहीत का. तू आत आलास तेव्हा आयुक्तांसह सगळं सभागृह उभं राहिलं. तू घंटा वाजवलीस आणि एका अख्ख्या वस्तीचं गाऱ्हाणं गप्प झालं. तुझ्या एका शब्दावर मला उचलून बाहेर काढलं. कुणीही विचारलं नाही, की महापौरांना हा अधिकार आहे का. भालचंद्रा, गप्प बसवण्यासाठी तुझ्याजवळ अधिकार आहेत. बोलू देण्याची वेळ आली, की नेमके ते संपतात?"

"पण जलवाहिनी बदलणं माझ्या हातात नाही, हे तर खरं ना?"

"खरं आहे. तुला कुणी खोदायला सांगितलेलं नाही. कोणता विषय आधी घ्यायचा, हे तुझ्या हातात आहे. भर सभेत प्रशासनाला जाब विचारणं तुझ्या हातात आहे. ते न करता तू चहा पाजलास. त्या पोरीच्या आईला तुझी सहानुभूती नको होती रे, तुझं काम हवं होतं."

भालचंद्र गुरुजींना नमस्कार करून उठला.

त्याने विशेष सभा बोलावली आणि पाण्याचा विषय सर्वांत आधी घेतला. आयुक्तांनी उठून सांगितले, की प्रकरण विचाराधीन आहे. "हे उत्तर झालं नाही," भालचंद्र म्हणाला. "नेमकं उत्तर मिळेपर्यंत मी सभा उठवणार नाही." सदस्य चुळबुळले, काही चिडलेही. पण दिवस मावळण्यापूर्वी मंजुरी झाली आणि कामाची तारीखही जाहीर झाली. पुढे नवी जलवाहिनी टाकली गेली.

स्वच्छ पाणी आले, तेव्हा भालचंद्र वस्तीत गेला. इतर बायका त्याचे आभार मानत होत्या. छबूबाई वाहत्या नळाकडे बघत उभ्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "साहेब, हे तुम्हाला करता येत होतं. मग आम्ही आलो तेव्हाच का नाही केलंत?"



आपल्यापैकी ज्याला ज्याला लहानमोठी खुर्ची मिळाली आहे, त्याने या प्रश्नाचे उत्तर वेळ असतानाच शोधून ठेवावे.