पाठमोरी गोजरा

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती वर्षं, ते विचारू नका. ज्यानं मला सांगितली त्यालाही ठाऊक नव्हतं, आणि विचारलं की तो चिडायचा.

बोरवाकी तेव्हा साठ उंबऱ्यांचं गाव होतं. गावाला दगडी वेस होती. वेशीच्या आत ज्यांची घरं ते गावकरी, आणि बाहेर ज्यांच्या झोपड्या त्यांनी गावाची कामं करायची. त्या बाहेरच्या वस्तीत गोजरा राहायची. तिचा नवरा धाकनाक गावाचा येसकर होता. येसकरानं दिवस मावळला की वेस लावायची, उजाडलं की उघडायची, निरोप पोचवायचे, आणि त्या बदल्यात रोज संध्याकाळी टोपलं घेऊन घरोघर भाकरी गोळा करायची. ही भीक नव्हे बरं, कामाचा हक्क होता. पण हक्काची भाकरीसुद्धा कुणी त्याच्या हातात देत नसे. त्यानं खाली रस्त्यात उभं राहायचं, घरच्या बाईनं ओट्यावरून टोपल्यात टाकायची, आणि टाकून झाली की 'लांब हो' म्हणायचं.

एका साली मानमोडीचा ताप आला. सकाळी अंग मोडून यायचं, अन् तिसऱ्या दिवशी घरात रडारड. पाटलानं दवंडी पिटवली: ज्यानं त्यानं आपापल्या घरात बसावं, दारं लावून घ्यावीत, आठवड्याचा बाजार बंद, विहिरीवर एका वेळी एकाच घरानं जावं. हुकूम शहाणपणाचा होता, त्यासाठी मी पाटलाला नावं ठेवणार नाही. पाटलाच्या कणगीत दोन वर्षांची ज्वारी होती, एवढंच सांगतो.

धाकनाक पहिल्याच आठवड्यात गेला. पोरबाळ नव्हतं. गोजरानं दहा दिवस कसेबसे काढले आणि अकराव्या दिवशी त्याची घुंगरं बांधलेली काठी हातात घेतली. बाईमाणसानं येसकरकी केल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. पण त्या दिवसांत वेशीच्या आत पाय टाकायला दुसरं कुणी तयार नव्हतं, म्हणून पाटलानं माडीच्या खिडकीतून हात हलवला, आणि झालं.

तेव्हापासून गोजरा रोज संध्याकाळी गावातून हिंडायची. सगळी दारं बंद. रस्त्यात पोर नाही, पारावर म्हातारा नाही. ती प्रत्येक घरासमोर उभी राहून म्हणायची, "भाकर वाढा माय." दार बोटभर उघडायचं, एक हात बाहेर यायचा, भाकरी पडायची, दार लागायचं. महिनाभर तिनं माणसाचं तोंड पाहिलं नाही, असं म्हणतात. झोपडीत परतल्यावर ती नवऱ्याच्या काठीशी बोलायची. ओळखीची तेवढीच वस्तू तिच्यापाशी उरली होती.

काही घरांतून मात्र हात बाहेर येईना. आतूनच आवाज यायचा, "उद्या ये." येसकराला 'नाही' म्हणणं घराला कमीपणाचं, म्हणून 'उद्या ये'. अनशी कोष्टीण तर रोज तेच म्हणायची. गोजराला राग आला. ती काही देवी नव्हती, चांगली तोंडाळ बाई होती. ती रस्त्यात उभी राहून म्हणाली, "माझा धनी गेला, तशी भाकर बी जड झाली व्हय?" आणि पुढचे चार दिवस त्या दारापुढून मान न वळवता निघून गेली.

पाचव्या दिवशीही ती तशीच चालली होती. तेवढ्यात बंद दाराआडून लहान पोरीचा आवाज आला.

"आई, येसकरीण आली. तिच्याकडं भाकर असंल का गं?"

"गप," आईचा आवाज आला. "तिच्याकडं मागत्यात व्हय?"

गोजरा जागच्या जागी थांबली. तिला एकदम सगळं समजलं. बाजार बंद म्हणजे लुगडी विकणं बंद, लुगडी नाहीत म्हणजे ज्वारी नाही. माग तर कधीचा थांबला होता, आणि ती मात्र 'उद्या ये' ऐकून रुसली होती. तिला स्वतःची लाज वाटली.

तिनं चार भाकऱ्या फडक्यावर काढून उंबऱ्यापाशी ठेवल्या, मागं सरली आणि म्हणाली, "कोष्टीण माय, दार उघडा."

दार उघडलं नाही. आतून अनशीची सासू म्हणाली, "तिच्या टोपल्यातलं घरात यायचं नाही."

गोजरा खाली मातीत बसली. "आजीबाय," ती म्हणाली, "ती जाड भाकर तेल्याची हाय. ती पातळ पाटलाची, त्यांच्या सुनंला हात राखून थापायची सवय. लगीन होऊन आल्यापास्नं मी तुमच्या समद्यांच्या घरचं खाल्लं, मला काय बी झालं नाही. तुम्ही एक डाव माझ्याकडचं खाऊन बघा."

आत पोरगी रडायला लागली. मग कडी वाजली. अनशी बाहेर आली. सासू मागून हाका मारत होती, तिनं लक्ष दिलं नाही. तिनं भाकऱ्या उचलल्या, आणि काय वाटलं कोण जाणे, दोन पायऱ्या उतरून ती गोजराकडेच यायला निघाली.

गोजरा झटकन उठून मागं झाली. "लांब व्हा माय," ती म्हणाली. "माझ्या घरात ताप होता."

जन्मभर जे शब्द तिनं ऐकले, ते त्या दिवशी तिच्या तोंडून निघाले. अनशी पायरीवर उभी राहिली आणि तोंडाला पदर लावून रडली.

त्या रात्री गोजराला झोप लागली नाही. अशी 'उद्या ये' म्हणणारी घरं आणखी किती असतील? आणि कुणाच्या दारात भाकरी ठेवली तर शेजारच्या फटीतून चार डोळे बघणारच. दुसऱ्या दिवशी तिनं गावातून फिरत नवी रीत मोठ्यानं सांगितली. टोपलं तिच्या डोक्यावर राहील. ती दाराकडे पाठ करून उभी राहील. घुंगरू वाजलं की फक्त त्याच घरानं दार उघडायचं. ज्याच्याकडे असेल त्यानं टाकावी, नसेल त्यानं काढून घ्यावी. कुणी काय केलं ते तिला दिसणार नाही, आणि तिचा श्वासही कुणाच्या तोंडावर जाणार नाही.

मग रोज तसंच होऊ लागलं. ती पाठमोरी उभी राहायची, मागून हात यायचा, टोपलं जरा जड व्हायचं किंवा जरा हलकं. ती मागं वळून बघायची नाही. एका संध्याकाळी फक्त सहा घरांनी टाकल्या आणि चाळीस घरांनी काढल्या, तरी टोपल्यात भाकऱ्या होत्याच, असं म्हणतात. तापलेल्या तव्यावरून नुकत्याच उतरवल्यासारख्या त्या शेवटच्या घरापर्यंत गरम राहायच्या, असंही म्हणतात. मी पाहिलं नाही. पण त्या साली बोरवाकीत तापानं माणसं गेली, भुकेनं वेशीच्या आतलं एकही गेलं नाही, हे सगळेच सांगतात.

असे चाळीस दिवस गेले. एक्केचाळिसाव्या संध्याकाळी घुंगरू वाजलं नाही. घराघरांतून माणसं कडीला हात लावून उभी राहिली. अंधार पडला तरी कुणी आलं नाही. तरीही बाहेर कुणी पडलं नाही, हुकूम होता. दुसरा दिवसही तसाच गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी अनशी कोष्टीण हुकूम मोडून वेशीबाहेर गेली.

गोजरा झोपडीच्या दारात बसली होती, गावाकडे पाठ करून. बसल्याबसल्याच गेली होती. शेजारी टोपलं फडक्यानं झाकलेलं होतं आणि त्यात सात भाकऱ्या होत्या. चूल थंड होती. सातांतल्या एकीचाही तुकडा मोडलेला नव्हता.

काही म्हणतात, ती तापानं गेली. काही म्हणतात, दुसऱ्या दिवशी पहिल्याच घराला काढून घ्यायची असली तर टोपलं रिकामं असू नये, म्हणून ती रोज थोड्या राखून ठेवायची आणि स्वतः पाणी पिऊन निजायची. खरं काय, ते कुणाला सांगता येईना. पाटलानं माडीवरून विचारलं, तेल्यानं विचारलं, सगळ्यांनी एकमेकांना विचारलं: ती शेवटची कधी जेवली? चाळीस दिवस साठ घरांनी तिच्या टोपल्यात हात घातला होता. तिला एकानंही विचारलं नव्हतं.

तिला वेशीच्या आत जागा मिळाली का, म्हणाल, तर नाही. खोटं कशाला सांगू? ओढ्याच्या पलीकडे तिला पुरलं. खांदा द्यायला वस्तीतली तीन माणसं आणि चौथी अनशी होती, असं म्हणतात.

आता ती वेस नाही, येसकरकी नाही, आणि झाली ती नाहीशी हे बरंच झालं. पण गोजराचं टोपलं बोरवाकीत अजून निघतं. वर्षातून एकदा, ती गेली त्या तिथीला, आणि गावावर कसलंही संकट आलं की रोज. पाळी घरागणिक बदलते. पाटलाच्या सुनाही डोक्यावर घेतात. टोपलं घेणारी दाराकडे पाठ करून उभी राहते. परवाच्या करोनात पंचावन्न दिवस ते फिरलं. भाकरीच्या जागी तांदूळ, डाळ आणि तेलाच्या पिशव्या होत्या. मुंबई-पुण्याहून चालत आलेली माणसं शाळेत ठेवली होती, त्यांच्या खिडकीपाशीही ते गेलं. कुणी टाकलं, कुणी काढलं, गावात आजही कुणाला माहीत नाही.

फक्त एक नवीन रीत अनशीनं घालून दिली, ती कुणी मोडत नाही. टोपल्याला हात लावण्याआधी पहिल्या घरानं त्या पाठमोऱ्या बाईला विचारायचं, "जेवलीस का?" ती नाही म्हणाली, तर टोपलं तिथंच उतरवतात आणि तिला उंबऱ्यावर बसवून वाढतात. ती हात धुऊन उठेपर्यंत उरलेलं गाव दाराआड उपाशी थांबतं.