मंजुळीचं न वाचलेलं पत्र

मंजुळीच्या परकराच्या खिशात एक पत्र होतं, घड्या पडून पडून मऊ झालेलं. ते आईचं होतं. आई दूर समुद्राकाठी मिठागरात कामाला गेली होती आणि मंजुळी मामीच्या घरी कोपऱ्यातल्या चिमुकल्या गोधडीवर निजायची.

मामी म्हणाली होती, "अगं, तू वर्गात घडाघडा वाचतेस. तूच वाच की! मला कुठं येतंय?"

इथेच तर सगळा घोटाळा होता. मंजुळीला वाचता येतच नव्हतं! लाल कौलांच्या त्या इवल्याशा शाळेत कुमुदबाई एक ओळ म्हणत आणि सगळा वर्ग पुस्तकावर बोट टेकवून तीच ओळ सुरात म्हणे. मंजुळीचे कान फार तल्लख. अख्खं पुस्तक तिला पाठ झालं, पण त्यातलं एक अक्षरही ओळखीचं झालं नाही. सगळे तिला हुशार म्हणत. मग आता सांगायचं कुणाला? मधल्या सुट्टीत ती शाळेच्या बागेत एकटीच बसे, पत्र उघडे आणि मिटे. तिला फार एकटं वाटे.

एकदा तिने सुकलेल्या जास्वंदीला आपल्या बाटलीतलं सगळं पाणी घातलं. टपोरी लालचुटुक कळी उमलली आणि आतून बोटभर उंचीची एक परी बाहेर आली. तिचे पंख कांद्याच्या पापुद्र्यासारखे गुलाबी, झिरझिरीत होते.

"एक इच्छा माग, बाळ," परी म्हणाली. "पण आधी जे लपवलं आहेस ते वर्गात मोठ्याने सांगायचं. हे फूल मिटायच्या आत."

नको गं बाई, असं म्हणून मंजुळी वर्गात पळाली.

वर्गात तानी नावाच्या नव्या मुलीला बाईंनी वाचायला उभं केलं. तानी घडाघडा म्हणू लागली, पण तिचं बोट भलत्याच ओळीवर होतं. मुलं खो खो हसली. तानीची मान खाली गेली. मंजुळीला ते पाहवेना. ती उठली.

"बाई, मलापण वाचता येत नाही. मी पाठ म्हणते."

कुमुदबाईंनी पुस्तक मिटलं. "चुकलं माझंच," त्या हळूच म्हणाल्या. "उद्यापासून एकेक अक्षर, एकेक आवाज. कुणी घाई करायची नाही."

मंजुळी धावत बागेत गेली. फूल मिटतच आलं होतं. "परीताई, मला आणि तानीला वाचता येऊ दे!"

"एका इच्छेत दोघी? मग हळूहळू मिळेल. रोज एकच अक्षर."

"चालेल!"

दुसऱ्या दिवशी दोघींच्या पुस्तकातले सगळे 'म' सोनेरी चमकू लागले. बाईंनी ओठ मिटून त्याचा आवाज काढायला शिकवलं. मग आला 'क', मग काना. बाई आवाजाला आवाज जोडायला लावत आणि शब्द टुणकन उभा राही. तानी अडली की मंजुळी थांबे, मंजुळी अडली की तानी. आंब्याचा मोहोर गळून कैऱ्या धरल्या, तेव्हा कुठे अक्षरं संपली.

मग मंजुळीने बागेत बसून पत्र उघडलं. तानी शेजारी बसली. आईची अक्षरं वाकडीतिकडी होती, एकेक सुटं.

"मंजुळे, मला लिहिता येत नव्हतं. एका ताईकडून शिकले. हे माझ्या हातचं पहिलं पत्र. मला इथं करमत नाही. आंबे पिकले की येते."

मंजुळीला रडूच फुटलं. आईसुद्धा तिकडे एकटी बसून एकेक अक्षर गिरवत होती आणि तिला कळलंच नव्हतं!

"छान वाचलंस हं," जास्वंदीतून परीचा आवाज आला. मग सगळी बाग लाल-सोनेरी उजेडाने झळाळली आणि परी त्या उजेडात विरून गेली.

मंजुळीने डोळे पुसून वर पाहिलं. आंब्याच्या शेंड्यावरची एक कैरी पिवळी व्हायला लागली होती.