ग्राइंडर बंद झाल्यावर

"आता अजून काय राहिलं, उस्ताद?"

दिगूला दम धरवत नव्हता. दसऱ्याचा दिवस, घरामागच्या पडवीत स्वतःचं फॅब्रिकेशनचं दुकान, बाहेर मांडवात सासरची मंडळी. आणि मिरजेचे जैनू उस्ताद, ज्यांच्या हाताखाली तो लोखंड कापायला शिकला, अजून होकार देत नव्हते. त्यांच्या होकाराशिवाय त्यांचा कोणताही चेला दुकान उघडत नसे.

"काय काय केलंस, सांग."

दिगू याच प्रश्नाची वाट बघत होता.

"थिनरचे डबे बाहेर ठेवले. भुसा, कागद सगळं झाडून काढलं. ठिणग्या अडवायला समोर पत्रा उभा केला. वाळूची बादली, पाण्याची बादली. ही फळ्यांची भिंत आहे ना, तिच्या फटीपण बुजवल्या. पलीकडे सरोज आणि तान्ही झोपतात."

भिंतीला लागूनच पूजा मांडली होती. पाटावर लाल कापड, त्यावर हातोडी, नट आवळायचे पाने, पकडी, वर झेंडूची माळ. जमीन उंचसखल, म्हणून पाटाखाली पोत्याची घडी सारलेली.

"चालव," उस्ताद म्हणाले.

दिगूने चष्मा चढवला, ग्राइंडर उचलला आणि गजाला लावला. काय तो आवाज! ठिणग्यांचे लोटच्या लोट पत्र्यावर जाऊन आपटले. मांडवातून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. दिगूची छाती अशी फुगली की शर्टाच्या गुंड्यांची काळजी वाटावी.

गज तुटला. ग्राइंडर थांबला.

"झालं?" दिगूने विचारलं.

उस्ताद स्टूल ओढून बसले.

"...उस्ताद?"

"हं."

"चहा आणू?"

"नको."

"मग उठू या की. मंडळी खोळंबलीत."

"काम चालू आहे."

दिगूने ग्राइंडरकडे बघितलं. पिनसुद्धा काढलेली होती. म्हातारपणी माणूस कुठंही टेकतो, त्याला वाटलं. पण आजच्या दिवशी?

"अहो जावईबापू, उरका," सासऱ्यांचा आवाज आला.

दिगू एका पायावरून दुसऱ्या पायावर झाला. उस्ताद पडवीभर नजर फिरवत राहिले, कपाटाखाली, खिडकीत, भिंतीच्या कडेनं. मग पुन्हा पहिल्यापासून.

"माझ्यावर विश्वास नाही का तुमचा?" शेवटी दिगू चिडला.

"आहे की."

"मग?"

उस्तादांची नजर पुन्हा कपाटाखाली गेली.

बराच वेळ गेला. दिगू तोंड फुगवून दाराकडे निघाला आणि मध्येच थबकला. वास येत होता. जळक्या सुतळीचा.

"उस्ताद..."

"पाट उचल."

दिगूने पाट हातोड्या-पकडींसकट उलथला. खाली पोत्याला भोक पडलं होतं, त्याची कड लाल होती. ती लाल कड पसरत फळ्यांच्या भिंतीपर्यंत पोचली होती. पत्र्यावर आपटलेली एक ठिणगी मागे फिरून पाटाखाली शिरली होती. साऱ्या पडवीत तेवढी जागा दिगूने तपासली नव्हती. देवाच्या जागेत जळण्यासारखं काही असेल, हे त्याच्या मनातच आलं नव्हतं.

त्याने पाण्याची अख्खी बादली ओतली. चर्र आवाज झाला. झेंडू वाहत दारापर्यंत गेले. भिंतीपलीकडे तान्ही दचकून रडायला लागली आणि सरोज तिला थोपटू लागली.

दिगूने बादली खाली ठेवली. तो रडणं ऐकत राहिला. इतकं गोड त्याला आजवर काहीच वाटलं नव्हतं.

"तुम्हाला ती ठिणगी दिसली होती?"

"नाही."

"मग कळलं कसं?"

"कळलं नव्हतं. म्हणून तर बसलो."

दिगू खाली वाकला. त्याने ओलं पोतं चिमट्यात धरून अंगणात नेऊन टाकलं, परत आला, भिंतीच्या फळीवरून तळहात फिरवला. मग भिंतीवर नजर ठेवून चिखलातच मांडी घालून बसला. दाराकडे त्याने पाहिलंही नाही.

उस्ताद उठले, दारात गेले. सासरे आत डोकावत होते. "बसलाय काय नुसता? मुहूर्त टळतोय की."

उस्तादांनी हळूच दार लोटून घेतलं.

"दुकान सुरू झालं," ते म्हणाले. "मालक कामात आहेत. थोडं थांबा."