टिटवीने मागितलेले घरटे

नदीकाठी, पाण्यावर झुकलेल्या एका बाभळीवर एक सुगरण राहत असे. लव्हाळ्याची पाती चिरून ती असे घरटे विणी की वाऱ्यावर ते झोके घेई, पण आतले अंडे कधी खाली पडत नसे. रानातले पक्षी ते पाहायला येत, आणि सुगरणीलाही आपल्या विणीचा मोठा अभिमान होता.

एके दिवशी तिच्याकडे एक टिटवी आली. टिटवी झाडावर राहत नाही, मुलांनो. ती उघड्या वाळूत, गोट्यांमध्ये अंडी घालते. मागच्या खेपेला गव्यांचा कळप पाण्यावर उतरला आणि तिची सगळी अंडी खुरांखाली चिरडली गेली. आता पुन्हा अंडी घालायची वेळ जवळ आली होती. ती म्हणाली, "सुगरणताई, मला तुझ्यासारखेच घरटे विणून दे. उंच टांगलेले." सुगरण हरखली. तिने पुढे काही विचारले नाही, लगेच पाती चिरायला घेतली. टिटवी अंगाने मोठी, म्हणून घरटे ऐसपैस केले, दारही रुंद ठेवले, आणि वीण तर स्वतःच्या घरट्याहून बारीक घातली.

घरटे तयार झाले, टिटवी आली, आणि तिला आत शिरताच येईना. तिचे पाय वाळूवर धावण्यासाठी घडलेले. फांदी घट्ट धरणे त्यांना ठाऊकच नव्हते. ती बसायला जाई आणि घसरे. शेवटी ती धपकन लव्हाळ्यात पडली. सुगरणीला राग आला. जसे मागितलेस तसे दिले, आता यात माझे काय चुकले, असे ती फणकाऱ्याने बोलली. टिटवी मान खाली घालून म्हणाली की घरट्यात काहीच खोट नाही. मग ती वाळूकडे निघून गेली.

त्या दिवशी सुगरणीला दाणा गोड लागेना. घरटे सुरेख झाले होते, आणि तरीही टिटवीची अंडी पुन्हा खुरांखालीच जाणार होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतः वाळूत उतरली आणि एका दगडावर बसून टिटवीचे वागणे पाहू लागली. टिटवी बसल्या जागेवरून सरळ आभाळात कशी झेपावते, वाळूतल्या खुरांच्या ठशांवरून गवे कोणत्या वाटेने पाण्यावर उतरतात, हे सारे तिने पाहून घेतले. मग तिने विचारले, "तुला खरी भीती कशाची वाटते?"

"खुरांची," टिटवी म्हणाली.

"मग उंची कशाला मागितलीस?"

"तुझ्या घरट्यापाशी गवे पोहोचत नाहीत, तेवढेच मला दिसले. माझी पिल्ले तर अंड्यातून निघाली की पाण्याकडे धावत सुटतात. उंचावरून ती खाली कशी येतील, हे माझ्याही लक्षात आले नाही."

सुगरण गव्यांच्या वाटेकडे वळून पाहू लागली. मग म्हणाली, "म्हणजे तुला घरटे नकोच आहे. तुला कुंपण हवे आहे."

कुंपण काटेरी हवे, म्हणजे गवे वळतील. वरून मोकळे हवे, म्हणजे टिटवीला उडता येईल. खाली फटी हव्यात, म्हणजे पिल्ले बाहेर पडतील. पण बोरीच्या फांद्या सुगरणीला उचलणार कशा? तिने शेजारच्या वानराला गळ घातली आणि तो कबूल झाला. झाडाकडची बाजू सोयीची, म्हणून तो तिथूनच फांद्या रचू लागला. सुगरणीने त्याला थांबवले. अंडी आज ना उद्या येतील, तेव्हा गव्यांच्या वाटेकडची बाजू आधी झाली पाहिजे, बाकीचे वेळ मिळेल तसे, असे तिने समजावले. ती बाजू होताच तिने टिटवीला मध्ये बसून उडायला सांगितले. पंख काट्याला अडकला, तेव्हा फांद्या जरा लांब सरकवल्या. फटी केवढ्या ठेवायच्या, ते टिटवीनेच दाखवले.

दुपार कलताना टिटवीने अंडी घातली. पाण्याकडची बाजू अजून उघडीच होती. संध्याकाळी गवे उतरले. पुढचा थोराड गवा नेहमीच्या वाटेने सरळ आला. बाभळीवर सुगरण आणि वानर श्वास रोखून बसले. गव्याच्या नाकाला काटे टोचले. तो फुरफुरला, क्षणभर थबकला आणि कुंपणाला वळसा घालून कळपाला लांबून पाण्याकडे घेऊन गेला. गवे पाणी प्यायले आणि आल्या वाटेने परत गेले. टिटवी उठून उभी राहिली, तिने पोटाखाली वाकून पाहिले आणि ती पुन्हा अंड्यांवर बसली. वर सुगरणीने एवढा मोठा सुस्कारा टाकला की वानराला हसू आले.

दुसऱ्या दिवशी राहिलेली बाजूही पुरी झाली. पुढे अंडी फुटली, आणि गोट्यांच्या रंगाची पिल्ले काट्यांखालून सुळकन बाहेर निघून पाण्याकडे धावली. टिटवी त्यांच्यामागे निवांत चालत गेली.

तात्पर्य : मागणारा आपल्याला सुचेल ती वस्तू मागतो, ती त्याला कशासाठी हवी आहे हे आधी जाणून घ्यावे, आणि मगच कामाला हात घालावा.