प्रमिलाताईंचं मोटारघर

बैलगाड्या मागे पडून रस्ते मोटारींचे झाले होते, त्या काळातली ही गोष्ट. वाईजवळच्या एका आवारात जुनं मोटारघर, म्हणजे चाकांवरचं राहतं घर, उभं होतं. पुन्हा रस्त्याला लागायची त्याला फार ओढ होती.

मालकीण प्रमिलाताई त्याची सगळी दुरुस्ती स्वतः करायच्या. त्यांना हर्णैला बहिणीकडे जायचं होतं. भांडण झाल्यापासून नऊ वर्षं दोघी बोलल्या नव्हत्या.

ताईंनी छपराची गळती बुजवली, नवी बॅटरी जोडली.

"आता निघायचं ना?" मोटारघर रोज विचारायचं.

"पंखा बसवते, मग निघू."

पंख्यानंतर पडदे आले, मग पाण्याची मोठी टाकी.

एका सकाळी ताई पाना घेऊन पुन्हा गाडीखाली शिरल्या. "इंजिनात कुठंतरी धडधड होतेय."

"ताई, इंजिन बंद आहे," मोटारघर हळूच म्हणालं.

ताईंनी पाना खाली ठेवला. मग म्हणाल्या, "तिनं दार उघडलंच नाही तर?"

"तर तिच्या अंगणात थांबू. राहायला मी आहेच की."

ताईंनी बाहेर येऊन हात पुसले आणि किल्ली फिरवली.

संध्याकाळी दोघं हर्णैला पोचली. बहिणीचं दार बंद होतं. ताई गाडीच्या काचेतून बघत राहिल्या. तेवढ्यात दारामागून कडी काढल्याचा आवाज आला.